भिंत एक, घरे दोन : सलग घरांतील आग कशी पसरते आणि तिची वाट कशी अडवावी

बैठ्या चाळीतल्या खोलीत उभे राहून वर पाहिले, तर शेजारच्या खोलीपासून आपल्याला वेगळे करणारी भिंत नेमकी कुठे संपते ते दिसते. पुष्कळ ठिकाणी ती छपराला भिडतच नाही. आठ-नऊ फुटांवर ती थांबते आणि तिच्या वर, आढ्यापर्यंतची तिकोनी पोकळी सगळ्या खोल्यांना मिळून एकच असते. त्या पोकळीतून शेजारच्यांच्या फोडणीचा वास येतो, त्यांचे बोलणे ऐकू येते आणि आग लागली तर आधी धूर व पाठोपाठ ज्वाळाही त्याच वाटेने येतात.

सलग घरांच्या आगीचा विचार इथूनच सुरू करावा लागतो. विटांची नीट बांधलेली नऊ इंची भिंत आगीला काही तास अडवू शकते. म्हणून आग भिंत फोडत बसत नाही. ती भिंतीच्या माथ्यावरून जाते, भिंतीतल्या भोकांतून जाते, किंवा पुढच्या-मागच्या बाजूने भिंतीला वळसा घालून जाते. बैठी चाळ असो, पेठेतला लाकडी सांगाड्याचा वाडा असो की नव्या वस्तीतले काँक्रीटचे रो-हाऊस असो, वाटा याच तीन. फक्त प्रत्येक बांधकामात त्यांपैकी कोणती सर्वांत मोकळी आहे, हे वेगळे असते.

लंडन शहराने हे फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले. २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे पुडिंग लेनमधल्या एका भटारखान्यात लागलेल्या आगीने सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्च जाळली. पुढच्याच वर्षी कायदा झाला, की घरे विटांची किंवा दगडांचीच बांधावीत. तरीही आगी छपरांवरून सरकतच राहिल्या, म्हणून १७०७ च्या कायद्याने दोन घरांमधली सामाईक भिंत छपराच्याही वर १८ इंच नेण्याची सक्ती केली आणि पुढच्या बाजूला घरांच्या रांगेवरून सलग धावणाऱ्या लाकडी कंगोऱ्यांवर बंदी घातली. लंडनच्या जुन्या रांगांमध्ये छपरांच्या मधून डोकावणाऱ्या विटांच्या भिंती दिसतात, त्यांचे कारण हेच. आपल्या घरात काय तपासायचे, याचा धडाही त्यातच आहे.

पहिली पायरी : भिंतीचा माथा पाहणे

एक शिडी, चांगली बॅटरी आणि शेजाऱ्याची संमती, एवढ्यावर ही पाहणी होते. ती दोन्ही घरांनी मिळून करावी, कारण भिंतीची एकच बाजू पाहून अर्धेच कळते.

कौलारू घर असेल तर माळ्यावर चढून सामाईक भिंत वासे आणि रिपांपर्यंत पोचली आहे का, ते पाहावे. दिवसा माळ्यावरचे दिवे बंद करून शेजाऱ्याला पलीकडून बॅटरी मारायला सांगावी. जिथून उजेड दिसतो तिथून धूर येणार, हे गृहीत धरावे. भिंत वरपर्यंत गेलेली असली तरी तिचा वरचा हात-दीड हात भाग विटांचा आहे की फळ्या, प्लायवूड किंवा पत्रा ठोकून पुरा केलेला आहे, हेही पाहायला हवे. पत्रा जळत नाही, पण त्याच्या पलीकडे ज्वाळा असतील तर तो तापतो आणि त्याला टेकून ठेवलेली गादी किंवा पुठ्ठ्याचे खोके पेटू शकते.

खोलीत पीओपीचे किंवा प्लायवूडचे फॉल्स सीलिंग केलेले असेल, तर पाहणी अधिक काळजीने करावी. सीलिंग लावताना कारागिराने भिंतीचा उघडा माथा झाकून टाकलेला असतो, बंद केलेला नसतो. खालून खोली नीटनेटकी दिसते आणि वर जुनी पोकळी तशीच राहते. तिच्यात विजेच्या तारा, सीलिंगच्या लाकडी पट्ट्या आणि वर्षानुवर्षांची धूळ असते. अशा पोकळीत आग शिरली की ती खालच्या माणसाला बराच वेळ दिसतच नाही. सीलिंगचा एखादा दिवा काढून त्या भोकातून मोबाइलच्या कॅमेऱ्याने आतले चित्रण करता येते. त्याआधी मेन स्विच बंद करावा.

वाड्यांमध्ये आणखी एक जागा पाहावी लागते. दोन्ही घरांच्या तुळया सामाईक भिंतीत टेकलेल्या असतात आणि कित्येकदा त्यांची टोके भिंतीच्या आत एकमेकांना जवळजवळ भिडलेली असतात. वरून भिंत दीड फूट जाड, पण त्या नेमक्या जागी मध्ये विटेचा एक थरही नसतो. पाठीला पाठ लावून काढलेले कोनाडे, भिंतीतली जुनी कपाटे आणि बुजवलेली दारे इथेही भिंत पातळ झालेली असते. बुजवलेले दार विटांनी भरले होते की फळी मारून वर गिलावा केला होता, हे बोटाने वाजवून कळते. पोकळ आवाज आला की ती जागा कागदावर टिपून ठेवावी.

रो-हाऊसमधल्या वाटा

काँक्रीटच्या स्लॅबचे रो-हाऊस असेल तर माथ्यावरची वाट बहुधा मुळातच बंद असते आणि यामुळे रहिवासी निर्धास्त होतात. मग आपणच नवी वाट तयार करतो. गच्चीवर पावसासाठी शेड टाकताना शेजारी-शेजारी खर्च वाटून घेतात आणि चार-पाच घरांवरून पॉलिकार्बोनेटचे किंवा फायबरचे पत्रे सलग जातात. प्लास्टिकचे पत्रे तापले की वितळतात, पेटलेले थेंब खाली पडतात आणि शेडखाली साठवलेले जुने फर्निचर पेटवतात. लंडनने तीनशे वर्षांपूर्वी ज्या सलग लाकडी कंगोऱ्यावर बंदी घातली, त्याचेच हे आजचे रूप आहे.

दुसरी वाट पुढच्या पोर्चमधून जाते. तिथे दुचाकी, चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर, चपलांचे कपाट आणि वर फायबरचे छत असते, आणि तेच घरातून बाहेर पडायचे मुख्य दारही असते. स्कूटर पेटली तर ज्वाळा थेट पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत उठतात. मागच्या बाजूला धुण्याची जागा, गॅसचे सिलिंडर आणि दोन रांगांमधली अरुंद गल्ली असते. तिथे वाळत घातलेले कपडे आणि एसीची बाहेरची यंत्रे एका घरापासून दुसऱ्यापर्यंत साखळीच करतात.

सर्वांत गंभीर मात्र घरातला जिना आहे. रो-हाऊसचा जिना दिवाणखान्यातून निघून गच्चीपर्यंत उघडाच जातो. तळमजल्यावर आग लागली की तो धुराड्याचे काम करतो. गरम वायू छताला लागून जिन्याकडे सरकतात, वर चढतात, गच्चीचे दार बंद असल्यामुळे तिथे अडतात आणि मग वरून खाली भरत येतात. म्हणजे आग खाली असताना सर्वांत आधी भरतात त्या वरच्या मजल्यावरच्या, माणसे झोपलेल्या खोल्या. यासाठी जिन्याच्या छताला आणि प्रत्येक मजल्यावर बॅटरीवर चालणारे, धूर आला की वाजणारे स्मोक डिटेक्टर लावावेत. ते महिन्यातून एकदा बटण दाबून वाजवून पाहावेत.

रात्री झोपताना खोलीचे दार बंद करण्याची सवय हा तर फुकटचा उपाय आहे. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने घरे पेटवून केलेल्या प्रयोगांत उघड्या दाराच्या खोलीचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर गेले, तेव्हा बंद दाराच्या खोलीत ते ४० अंशांच्या आसपास राहिले. त्याच संस्थेच्या दुसऱ्या एका प्रयोगात फोम आणि कृत्रिम कापडाच्या आजच्या फर्निचरची खोली ५ मिनिटांच्या आत संपूर्ण पेटली, तर लाकूड-कापसाच्या जुन्या पद्धतीच्या फर्निचरच्या खोलीला त्यासाठी २९ मिनिटे लागली. आजोबांच्या काळात माणसाला सामान आवरून बाहेर पडायला वेळ मिळत असे. आता तो मिळत नाही.

दुसरी पायरी : वाटा बंद करणे

भिंतीचा उघडा माथा विटांनी भरणे उत्तम, पण जुन्या चाळीत आणि वाड्यात स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय वजन वाढवू नये. विटांचे वजन पेलणार नसेल तर हलक्या धातूच्या चौकटीवर दोन्ही बाजूंनी आगरोधक जिप्सम बोर्ड किंवा सिमेंट फायबर बोर्ड लावता येतात. बोर्ड छपराच्या पृष्ठाला घट्ट भिडले पाहिजेत. वरती चार बोटे फट राहिली तर सगळा खर्च वाया गेला, कारण गरम वायू सर्वांत वरच्या फटीतूनच जातात. मुंबईच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतीत हे काम करायचे असेल, तर घरमालक आणि म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ यांच्या परवानगीचा प्रश्न येतो. त्यासाठी एकेका खोलीने अर्ज करण्याऐवजी संपूर्ण चाळीने पाहणीच्या छायाचित्रांसह एकत्र अर्ज करावा.

तारा, पाण्याचे पाइप आणि एसीच्या नळ्या यांच्यासाठी पाडलेली भोके सिमेंटच्या मसाल्याने भरावीत आणि तारांभोवतीची बारीक फट उष्णतेने फुगणाऱ्या आगरोधक सीलंटने बंद करावी. एसी बसवणारे कारागीर भोकात पिवळसर स्प्रे-फोम मारून जातात. हा साधा फोम स्वतः जळतो, त्यामुळे सामाईक भिंतीत तो मुळीच ठेवू नये. तुळयांच्या टोकांभोवतीच्या पोकळ्या चुन्याच्या मसाल्याने भरणे वाड्यांच्या जुन्या लाकडाला अधिक मानवते, कारण त्यामुळे आत ओल कोंडत नाही.

गच्चीची सलग शेड मात्र तोडावी लागते. प्रत्येक सामाईक भिंतीवर निदान मीटरभर रुंदीचा भाग मोकळा ठेवून उरलेल्या भागावर धातूचे पत्रे टाकावेत. यावर शेजाऱ्यांशी वाद होतील. तरीही संपूर्ण लेखातले एकच काम करायचे असेल तर, माझ्या मते, ते हे किंवा भिंतीचा माथा बंद करणे, यांपैकी आपल्या घराला जे लागू असेल ते असावे.

खिडक्यांच्या बॉक्स ग्रिलला आतून उघडणारी झडप असावी आणि तिची किल्ली त्याच खिडकीजवळ, लहान मुलालाही माहीत असेल अशा जागी टांगलेली असावी. गच्चीच्या दाराचेही तसेच. रो-हाऊसमध्ये शेजाऱ्याची गच्ची ही आपली दुसरी सुटकेची वाट असते. मधली भिंत ओलांडता येईल अशी ठेवावी आणि दोन्ही घरांनी एकदा ती ओलांडून पाहावी.

तिसरी पायरी : अग्निशमन दलासाठी रांग तयार ठेवणे

स्वतंत्र बंगला पेटला तर अधिकारी घराला एक फेरी मारून चारही बाजू पाहतो आणि मग निर्णय घेतो. सलग रांगेत त्याला फक्त पुढची बाजू दिसते. मागे काय चालले आहे हे पाहायचे तर रांगेच्या टोकापर्यंत जाऊन वळसा घ्यावा लागतो, आणि मागच्या गल्लीवर कुणी पत्रे टाकून ती बंद केली असेल तर तेही जमत नाही. मग वाट उरते ती शेजाऱ्याच्या घरातून. म्हणून घरांचे क्रमांक मागच्या बाजूलाही मोठ्या अक्षरांत रंगवावेत. पाचवे घर पुढून ओळखता येते, मागून सगळी घरे सारखी दिसतात.

पाण्याचे गणितही रहिवाशांना माहीत असावे. पाण्याच्या एका मोठ्या बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी असते. ६३ मिलिमीटरच्या एका होजमधून, म्हणजे बंबाच्या लवचीक नळीतून, मिनिटाला ४५० लिटर पाणी सोडले, तर बंब दहा मिनिटांत रिकामा होतो. बंबाची रुंदी सुमारे अडीच मीटर असते, पण गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या असल्या तर तो कोपऱ्यावरच थांबतो आणि जवानांना होज हाताने ओढत आणावे लागतात. पंधरा मीटर लांबीच्या एका भरलेल्या होजमध्ये ४५ लिटरहून जास्त पाणी असते. असे सहा-सात होज जोडून, वळणे घेत, जिन्यावरून वर न्यायचे असतात. एका बाजूचे पार्किंग कायमचे बंद करणे, सोसायटीच्या भूमिगत टाकीच्या झाकणावर वाहन उभे राहू न देणे आणि हायड्रंट, म्हणजे आग विझवण्यासाठीचा पाण्याचा नळ, असेल तर त्याची जोडणी स्थानिक दलाच्या होजला बसते का हे एकदा जवानांनाच बोलावून पाहून घेणे, ही कामे आगीच्या दिवशी होणारी नाहीत.

रांगेतल्या बंद आणि ओसाड घरांची नोंद वेगळी ठेवावी. अमेरिकेतील बाल्टिमोर हे शहर विटांच्या सलग घरांच्या रांगांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे हजारो घरे रिकामी पडलेली आहेत. २४ जानेवारी २०२२ रोजी तिथल्या साउथ स्ट्रिकर स्ट्रीटवरील एका रिकाम्या घराला आग लागली, जवान आत शिरले आणि घर कोसळून तिघांचा मृत्यू झाला. ते घर २०१५ मध्येही एकदा जळलेले होते. आपल्या रांगेतले कोणते घर रिकामे आहे, कुठले मजले कुजले आहेत, पूर्वी कुठे आग लागली होती, हे सांगणारा माणूस दलाला पहिल्या दोन मिनिटांत भेटला पाहिजे.

चौथी पायरी : आग लागल्यावर

आग बादलीएवढी लहान असेल, पाठीमागे बाहेर पडायचे दार मोकळे असेल आणि हातात आयएसआय चिन्हाचे एबीसी पावडरचे अग्निशामक असेल, तरच ती विझवायचा प्रयत्न करावा. एक अग्निशामक संपले आणि आग राहिली, की तिथे थांबू नये. बाहेर पडताना पेटलेल्या खोलीचे दार ओढून घ्यावे. घाईत माणसे दारे सताड उघडी टाकतात आणि आगीला हवा मिळते. मेन स्विच वाटेवर असेल तरच बंद करावा.

फोन १०१ किंवा ११२ वर करावा आणि घाबरल्या आवाजातही चार गोष्टी सांगाव्यात : जवळची ठळक खूण, घरांची रांग आहे व आग कितव्या घरात आहे, आत कुणी अडकले आहे का, आणि मागच्या बाजूने वाट आहे का. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने दोन्ही बाजूंची निदान दोन-दोन घरे रिकामी करायला लावावीत. त्या घरांतल्या लोकांनी आपल्या खिडक्या-दारे बंद करावीत, पण कुलपे लावू नयेत.

गॅसचे सिलिंडर ही सलग वस्तीतली मोठी भीती आहे. शेजारच्या, धूर न शिरलेल्या घरातला सिलिंडर रेग्युलेटर बंद करून मोकळ्या जागेत नेता येतो. जळत्या घरातला सिलिंडर आणायला कुणीही परत जाऊ नये. किती सिलिंडर आहेत आणि ते कुठे आहेत, एवढे जवानांना सांगावे. आगीआधीच गळतीचा वास आला असेल तर स्विच चालूही करू नये आणि बंदही करू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो आणि उंबऱ्यावरून शेजारच्या घरातही उतरतो. दारे-खिडक्या उघडून, सर्वांनी बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

जिना धुराने भरला असेल तर तो उतरू नये. खोलीचे दार लावून खालच्या फटीत ओले कापड कोंबावे आणि खिडकीत उभे राहून हाक मारावी. गच्चीकडे जायचे ते जिन्यात धूर नसेल तरच.

जवान शेजारचे छत का फोडतात

पहिला होज पेटलेल्या खोलीकडे जातो हे सर्वांना समजते. दुसरा होज न पेटलेल्या शेजारच्या घरात नेला जातो आणि तिथे जवान आकड्याने चांगले दिसणारे सीलिंग खाली ओढतात, तेव्हा मात्र घरमालक हरकत घेतो. त्याने हरकत घेऊ नये. वरच्या पोकळीतून आग दोन घरे पुढे गेली आहे का, हे पाहण्याचा खात्रीचा उपाय तोच आहे. लांबलचक सामाईक छपरावर जवान आगीच्या पुढे जाऊन कौलांचा आणि वाशांचा एक पूर्ण पट्टाही काढतात, म्हणजे गरम वायू तिथून वर निघून जातात आणि आगीला पुढे सरकायला छप्परच उरत नाही. हे काम रहिवाशांनी उत्साहाने स्वतः करू नये. पाण्याचा होज तयार नसताना कौले काढली किंवा काचा फोडल्या, तर कोंडलेल्या आगीला हवा मिळून ती एकदम भडकते.

जवानांना खरा धोका असतो तो इमारतीच्या पडण्याचा. सागवानाची जाड तुळई बाहेरून मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर या गतीने कोळसा होत जाते, म्हणून ती काही वेळ टिकते. दुरुस्तीत तिच्या जागी घातलेला उघडा लोखंडी गर्डर ५५० अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावतो आणि त्याआधीच लांबून भिंत बाहेर ढकलतो. वर मारलेले पाणी मजल्यांवर साचते आणि वजन वाढत जाते. ९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीतील गोकुळ निवास ही जुनी इमारत आग विझवली जात असताना कोसळली आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी आपण गमावले. जुन्या इमारतीत कुठे लोखंड घातले आहे, कुठला पोटमाळा मालाने भरला आहे, कुठली भिंत काढली आहे, ही माहिती रहिवाशांकडेच असते. ती आधीच नकाशावर लिहून वस्तीतल्या दोघा-तिघांकडे ठेवावी.

शेवटची पायरी : विझल्यानंतरची रात्र

ज्वाळा गेल्या म्हणजे आग संपली असे नसते. तुळईचे भिंतीत गेलेले टोक, माळ्यावरची गादी आणि सीलिंगमागची लाकडी पट्टी तासन्‌तास धुमसू शकते. दल परत जाण्याआधी दोन्ही बाजूंच्या घरांच्या माळ्यांची आणि तुळयांच्या टोकांची तपासणी करून घ्यावी. उष्णता दाखवणारा कॅमेरा असेल तर तो वापरण्याची विनंती करावी. त्यानंतर पाळी लावून रात्रभर दर तासाला सामाईक भिंतीवर हाताचा मागचा भाग ठेवून पाहावा. आधीपेक्षा गरम लागणारी जागा, नव्याने येणारा धुराचा वास किंवा फटीतून निघणारी बारीकशी धूररेषा दिसली, तर पुन्हा १०१ ला बोलवावे. संकोच करू नये. विजेची जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाने तपासेपर्यंत बंदच ठेवावी, भिजलेल्या लाकडी मजल्यावर सामान आवरायला जाऊ नये आणि अभियंत्याने भेगा पाहून सांगितल्याखेरीज शेजारच्या घरातही कुणी झोपू नये.